गॉस वाढवण्याआधी कूलंटची वाट बदला

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावजवळच्या मच्छे औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे हार्डन केलेले स्पूल, म्हणजे व्हॉल्व्हच्या आत सरकणारे गोल दांडे, सिलिंड्रिकल ग्राइंडरच्या व्हीलवर घासले जातात. फिनिशवर अधूनमधून बारीक ओरखडे उठतात. घासताना सोडायच्या पाण्याच्या, म्हणजे कूलंटच्या लाइनमध्ये ४ इंची नळीचं हाऊसिंग आहे, त्यात लोखंडी बुरा पकडायला २५ मिमी व्यासाचा आणि ३०० मिमी लांबीचा, १०,००० गॉसचा (गॉस हे चुंबकीय क्षेत्राच्या ताकदीचं माप) एकच मॅग्नेट रॉड मधोमध बसवलाय. पंप मिनिटाला १०० लिटर देतो. विक्रेता म्हणतो, १२,००० गॉसचा रॉड घ्या, प्रश्न मिटेल. घ्यावा का?

आत्ता तरी घेऊ नका. कारण नीट सांगतो, कारण हाच प्रश्न बेळगावच्या उद्यमबाग वसाहतीत दर दोन शेडनंतर कुणी ना कुणी विचारतो, आणि बहुतेक वेळा उत्तर म्हणून आणखी महागडा चुंबक गळ्यात पडतो.

सगळ्यात आधी, ओरखडा कशाने येतोय ते बघा. कूलंटमधली घाण दोन जातीची असते. एक लोखंडाचा बुरा, आणि दुसरी म्हणजे व्हीलचे तुटलेले दाणे, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिलिकॉन कार्बाइड. दुसऱ्या जातीला चुंबक ओळखतच नाही. नोझलमधून येणारं १०० मिली कूलंट बाटलीत घ्या, प्रयोगशाळेच्या गाळणी कागदावरून जाऊ द्या, कागद वाळवा. मग कागदाखाली चुंबक धरून हळूहळू सरकवा. जे चुंबकाबरोबर सरकतं ते लोखंड. जे जागेवर बसून राहतं आणि भिंगाखाली खड्यासारखं चमकतं तो व्हीलचा दाणा. कागदावर दाणेच जास्त असतील तर जगातला कुठलाही गॉस तुम्हाला उपयोगाचा नाही, तिथे चुंबकानंतर कागदाच्या पट्ट्यावरून कूलंट गाळणारा पेपर बँड फिल्टर लागेल. हत्तरगीच्या बाजूने एरोस्पेसचं ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियमचं काम कुणी आणलं, तर त्याच्या बुऱ्यालाही हाच नियम. ही परीक्षा अर्ध्या तासाची आहे आणि तिच्यावाचून फिल्टरबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

कागदावर मुख्यतः लोखंडच निघालं असं धरून पुढे जातो. तुमच्या कामात तीच शक्यता जास्त.

चुंबक कणाला किती जोराने ओढतो हे नुसत्या क्षेत्राच्या ताकदीवर ठरत नाही. ते क्षेत्र थोड्या अंतरात किती झपाट्याने बदलतं, यावरही ओढ तितकीच अवलंबून असते. क्षेत्र सगळीकडे सारखं असेल तर कण त्यात चुंबकित होऊन नुसता वळेल, जागचा हलणार नाही. याच्या विरुद्ध बाजूला द्रवाचा अडथळा असतो. कणावरची ओढ त्याच्या व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते, द्रवाचा अडथळा मात्र फक्त व्यासाप्रमाणे. म्हणून चुंबकाकडे सरकण्याचा वेग व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो: कण निम्मा झाला की वेग चौथाई. ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बुरा कसाही पकडला जातो, तो तर टाकीच्या तळाशी आपोआपही बसतो, पाण्यात सेकंदाला ९ मिमीच्या आसपास. ५ मायक्रॉनचा कण त्याच टाकीत सेकंदाला एक दशांश मिलिमीटरसुद्धा खाली जात नाही. फिल्टरची खरी कसोटी या बारीक कणांवर लागते.

आता तुमच्या हाऊसिंगचा ढोबळ हिशोब करू. रॉडमध्ये उत्तर-दक्षिण ध्रुव एकाआड एक असतात. त्यांच्यातलं अंतर २० मिमी धरलं, तर पृष्ठभागापासून १० मिमी दूर गेल्यावर क्षेत्र साधारण पाचव्या हिश्शावर येतं, आणि ओढ येते साधारण तेविसाव्या हिश्शावर, कारण बारीक लोखंडावरची ओढ क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे चालते. २० मिमीवर ती पाचशेव्या हिश्शाच्याही खाली जाते. ४ इंची नळीत मधोमध २५ मिमीचा रॉड म्हणजे रॉड आणि भिंत यांच्यात सुमारे ३७ मिमी जागा. मिनिटाला १०० लिटर त्या जागेतून सेकंदाला सव्वादोनशे मिमी वेगाने जातात, म्हणजे कणाला रॉडच्या शेजारी मिळतात जेमतेम सव्वा-दीड सेकंद. एवढ्या वेळात ५ मायक्रॉनचा लोखंडी कण साधारण १७ मिमीवरून रॉडपर्यंत पोचू शकतो. त्यापलीकडून गेलेला कण सुटला. क्षेत्रफळ काढलं तर एका फेरीत अशा कणांपैकी ३१ टक्क्यांच्या आसपास पकडले जातात.

आता १२,००० गॉसचा रॉड घाला. ओढ १.४४ पट झाली. ऐकायला भरपूर वाटतं. पण ओढ अंतराबरोबर इतकी वेगाने घसरते, की पल्ला वाढतो फक्त १.२ मिमी. ३१ टक्क्यांचे ३४ टक्के होतात. प्रवाह शांत धरून केलेला हा हिशोब आहे. प्रत्यक्ष नळीत पाणी घुसळतं, त्यामुळे काही कण जवळ ढकलले जातात आणि काही बसलेले धुऊन जातात, आकडे थोडे हलतील. पण दोन रॉडमधला फरक त्याने वाढत नाही.

यावर एक रास्त हरकत येईल: कूलंट तर गोल फिरत राहतं, आज सुटलेला कण पुढच्या फेरीत सापडेल ना? सापडेल. पण व्हील घासत असतं तोवर नवा बुरा सतत पडत असतो. टाकीतली घाण अशा पातळीला जाऊन थांबते, जिथे मिनिटाला पडणारा बुरा आणि मिनिटाला पकडला जाणारा बुरा सारखे होतात. एका फेरीत ३१ टक्के पकडणाऱ्या फिल्टरची टाकी पूर्ण पकडणाऱ्या फिल्टरच्या टाकीपेक्षा तिपटीहून घाण राहते, आणि तो सुटलेला कण दर फेरीत तुमच्या स्पूल आणि व्हीलच्या मधून जातो. ओरखडा तिथेच उठतो.

मग काय करायचं? कूलंटची वाट बदला. गोल नळी काढून चौकोनी पेटी करा. पेटीत २५ मिमीचेच रॉड, पण दोन ओळींत, पहिल्या ओळीत पाच आणि दुसऱ्या ओळीत चार, पहिल्या ओळीच्या फटींसमोर दुसऱ्या ओळीचे रॉड येतील असे. शेजारच्या दोन रॉडमधली फट २० मिमी, रॉडची कामाची लांबी २५० मिमी. टोकांना अर्ध्या फटी सोडून पेटीची रुंदी येईल सुमारे २२५ मिमी. दुसऱ्या ओळीत कडेला उरलेल्या जागेत पट्टी लावून ती बंद करा, नाहीतर पाणी सोपी वाट शोधून तिथून निसटतं. आता कुठलाही कण कुठल्या ना कुठल्या रॉडपासून १० मिमीपेक्षा लांब जाऊच शकत नाही. वेगही सेकंदाला सुमारे ६७ मिमीवर उतरतो, म्हणजे दोन ओळी ओलांडायला पाऊण सेकंद. आणि ५ मायक्रॉनच्या कणाला १० मिमीवरून रॉडपर्यंत पोचायला लागतो सेकंदाचा साधारण सातवा हिस्सा.

याच पेटीत १०,००० ऐवजी ६,००० गॉसचे रॉड घातले तर तो वेळ वाढून ०.४ सेकंद होतो. तरीही पाऊण सेकंदाच्या आत. साधे रॉड नीट अंतरावर लावले तर नळीतल्या एकट्या जबर रॉडवर सहज मात करतात, आणि हे मी तत्त्वापुरतं सांगत नाही, आपल्या भागातल्या छोट्या शेडला परवडणारं हेच आहे. पेटी कापून वेल्ड करून देणारा फॅब्रिकेटर उद्यमबागेत शोधावा लागत नाही.

पेटी कशाची करायची, याला मी फार महत्त्व देतो. एमएसची, म्हणजे साध्या माइल्ड स्टीलची करू नका. चुंबकीय क्षेत्राला लोखंडातून जायला सोपं पडतं, मग कडेच्या रॉडचं क्षेत्र पाण्याऐवजी भिंतीत जातं आणि बुरा भिंतीला चिकटतो. ३०४ स्टेनलेस घ्या, ते चुंबकाला धरत नाही. रॉडवरची स्लीव्ह, म्हणजे चुंबकावरची बाहेरची नळीसुद्धा ३०४ किंवा ३१६ स्टेनलेसचीच, आणि पातळ. स्लीव्ह १ मिमी जाड असेल तर तेवढ्याने ओढ साधारण चौथाईने घटते. काही फॅब्रिकेटर मजबुतीसाठी २ मिमीची नळी घालतात, ती नको. स्लीव्हचा वेल्डचा जोड मात्र पक्का हवा. रॉडच्या आतल्या निओडिमियम चुंबकाला पाण्याचं वावडं आहे. आत ओल शिरली की त्याच्यावरचा मुलामा उचलला जातो, तो फुगतो आणि त्याची भुकटी होते. साध्या ग्रेडचा निओडिमियम ८० अंशांच्या वर तापला तर कायमचा कमकुवत होतो. कूलंटमध्ये तेवढं तापमान येत नाही, पण गरम पाण्याच्या पार्ट वॉशरला हेच रॉड लावायचा विचार असेल तर ग्रेड विचारून घ्या.

फिल्टर कुठे बसवायचा, तर पंपाच्या आधी. मशीनच्या बेडवरून परत येणारं कूलंट गुरुत्वाने वाहत पेटीत यावं आणि तिथून स्वच्छ टाकीत पडावं. परतीच्या पाण्यात बुऱ्याचे झुपके असतात, ते मोठे असल्याने सहज पकडले जातात. पंपातून गेले की ते झुपके फुटतात, बारीक होतात, आणि वाटेत पंपाची इम्पेलरही घासून टाकतात. तुमचं हाऊसिंग सध्या पंपानंतर, दाबाच्या लाइनीत आहे, तीही एक अडचण आहे. त्यात वीज गेली आणि आली की पंप झटक्याने सुरू होतो आणि रॉडच्या टोकावर सैल बसलेला बुरा एकदम सुटून थेट नोझलकडे जातो. वीज येऊन-जाऊन असलेल्या दिवशी ओरखडे जास्त येतात का, ऑपरेटरला विचारून बघा. जुन्या मशीनचा बेड बुटका असतो, पेटीला उंची मिळत नाही. मग टाकी थोडी खाली बसवावी लागते किंवा परतीसाठी छोटा उचल पंप. पहिला पर्याय चांगला.

काम मोठं असेल, दोन-तीन ग्राइंडर एकाच टाकीवर असतील, तर ड्रमचा मॅग्नेटिक सेपरेटर घ्या. त्याची रचना याच कारणासाठी हुशार आहे. कूलंट ड्रमखालच्या अरुंद पन्हाळीतून पातळ थरात जातं, बुरा ड्रमला चिकटतो, रबरी रोलर त्यातलं कूलंट पिळून काढतो आणि पट्टी तो खरवडून बाहेर टाकते. घेताना ड्रमच्या गॉसबरोबर पन्हाळीची फट मोजा. तुमचा प्रवाह त्याच्या क्षमतेच्या कडेला असेल तर एक माप मोठा घ्या, कारण प्रवाह वाढला की पाणी पन्हाळीच्या काठावरून उतू जातं आणि ते पाणी गाळलेलं नसतं. पिळलेल्या बुऱ्याच्या वडीत व्हीलचे थोडे दाणेही अडकून निघतात, तो वरचा फायदा, पण त्यावर विसंबू नये.

कुणीतरी स्टील वूलचं, म्हणजे पोलादाच्या बारीक तारांच्या गुंत्याचं नाव काढेल, म्हणून त्याबद्दलही. चुंबकीय क्षेत्रात बारीक चुंबकीय तारांचं जाळं ठेवलं की प्रत्येक तारेच्या कडेला क्षेत्र अतिशय तीव्रतेने बदलतं. उघड्या रॉडच्या मानाने शेकडो पट. क्षेत्रात लोखंडी जाळ्या ठेवून द्रव गाळण्याचं अमेरिकेतल्या सॅम्युअल फ्रांत्झचं पेटंट १९३७ चं आहे. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत एमआयटी या तंत्रसंस्थेत हेन्री कोल्म आणि सहकाऱ्यांनी स्टील वूल भरलेला फिल्टर तीव्र क्षेत्रात ठेवला, आणि चिनी मातीतला रंग बिघडवणारा, लोहचुंबकाला जेमतेम दाद देणारा मळ काढायला तो उद्योगात रुजला. १९७३ मध्ये वॉटसन या संशोधकाने त्याचं गणित मांडलं. त्यात सगळं एका गुणोत्तरावर येतं: चुंबक कणाला ज्या वेगाने ओढतो तो वेग, भागिले पाण्याचा वेग. तार जितकी बारीक तितकी ओढ जास्त, पण पल्ला तारेच्या जाडीएवढाच. कणाच्या सुमारे तिप्पट जाडीची तार असली की ओढ सर्वांत जास्त मिळते. म्हणजे ५ मायक्रॉनच्या कणासाठी १५ मायक्रॉनची तार!

कागदावर हे सुंदर आहे. ग्राइंडिंगच्या टाकीवर मी ते बसवू देणार नाही. आपल्या कूलंटमध्ये लोखंड भरपूर असतं, सोबत मशीनच्या सरकपट्ट्यांचं (स्लाइड-वे) तरंगतं तेल आणि व्हीलची भुकटी. असं जाळं लवकर तुंबतं, आणि ते धुवायचं तर आधी क्षेत्राबाहेर काढावं लागतं, नाहीतर तारा बुरा सोडतच नाहीत. ही रचना थोड्या मळासाठी, बारीक कणांसाठी आणि धुण्याची पक्की सोय असलेल्या ठिकाणी. होनिंगच्या, म्हणजे भोक आतून घासून गुळगुळीत करण्याच्या कामातल्या तेलाच्या शेवटच्या टप्प्यावर ४३० स्टेनलेसची फुलवलेली जाळी घालता येईल, कारण ४३० चुंबकाला धरतं. ३०४ ची जाळी घालून काहीही होणार नाही. दुकानात दोन्ही दिसायला सारख्याच, म्हणून खिशात चुंबक ठेवून जा.

हायड्रॉलिक तुमचा धंदा आहे म्हणून एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. हे रॉड उचलून पॉवर पॅकच्या (हायड्रॉलिक पंप आणि तेलटाकीच्या संचाच्या) तेलात टाकू नका आणि त्यांच्याकडून तीच अपेक्षा करू नका. ४६ ग्रेडचं तेल ४० अंशाला पाण्यासारख्या कूलंटपेक्षा सुमारे ४० पट घट्ट असतं. कणाचा सरकण्याचा वेग तितक्या पटीने कमी होतो. तेलातला १० मायक्रॉनचा कण चुंबकापुढे कूलंटमधल्या १.६ मायक्रॉनच्या कणासारखा वागतो. तिथे चुंबक ठेवायचा तो परतीच्या बाजूला, आडपडद्याजवळ, जिथे तेल जवळजवळ थांबलेलं असतं, आणि गाळण्याचं काम रिटर्न लाइनच्या फिल्टर एलिमेंटलाच करू द्यायचं. पितळ-ब्राँझचा चुरा तर चुंबकाला दिसतच नाही.

आता साफसफाई. फिल्टरच्या रचनेतला हा भाग मी शेवटी लिहितोय, पण पेटी बनवताना आधी ठरवा. पहिला पातळ थर मदतच करतो, त्याच्या टोकदार कडा स्वतः छोटे चुंबक होऊन पुढचे कण ओढतात. थर ३ मिमीच्या वर गेला की चित्र उलटतं. २० मिमीची फट दोन्ही बाजूंनी भरत १४ वर येते, पाण्याचा वेग वाढतो, आणि नवा कण रॉडपासून इतका दूर बसतो की पाणी त्याला सहज सोडवून नेतं. म्हणून रॉड स्लीव्हमधून वर ओढून काढता येईल अशीच रचना करा: चुंबक बाहेर आला की बुरा स्लीव्हवरून आपोआप गळतो, फडक्याने पुसत बसावं लागत नाही. पुसण्याचं काम किचकट असेल तर ते होत नाही, हा सगळ्या शेडमधला अनुभव. आधी पंप बंद, मग परतीचं पाणी थांबू द्यायचं, मग रॉड. हा क्रम मराठी आणि कन्नड दोन्हींत रंगवून पेटीवरच लिहा, कारण आपल्याकडे एका पाळीचा ऑपरेटर खानापूरचा तर दुसऱ्या पाळीचा बैलहोंगलचा असतो. दोन रॉड एकमेकांजवळ आणताना बोट मध्ये सापडलं तर गंभीर इजा होते, आणि पेसमेकर बसवलेल्या माणसाला या कामापासून दूर ठेवा. हेही तिथेच लिहा.

सफाई लांबवण्याचा आणखी एक तोटा आहे, तो पावसाळ्यात आणि रविवारच्या सुट्टीनंतर दिसतो. टाकीत पडून राहिलेला बारीक बुरा गंजतो. ताजं लोखंड चुंबकाला धावत येतं, पण तपकिरी गंज त्याला फारच कमी दाद देतो. आज जो कण रॉडने उचलला असता तोच काही आठवड्यांनी तपकिरी चिखल होऊन रॉडच्या अंगावरून निघून जातो. सोमवारी सकाळी टाकी उघडल्यावर जो वास येतो, त्याला हा तळाचा गाळही जबाबदार असतो, त्याच्याखाली हवा पोचत नाही आणि जिवाणू वाढतात. पेटी बसवण्याआधी टाकी एकदा पूर्ण उपसून तळ खरवडून घ्या, नाहीतर जुना गाळ नव्या फिल्टरचं नाव खराब करेल.

निघालेला बुरा बंद पोत्यात भरून कोपऱ्यात रचू नका. ओला, बारीक लोखंडी बुरा गंजताना उष्णता सोडतो आणि ढिगाच्या पोटात तापतो. तेलकट चिंध्या किंवा लाकडी पॅलेट शेजारी असतील तर आग लागू शकते. उघड्या पत्र्याच्या ट्रेमध्ये, छपराखाली, पातळ पसरून ठेवा, निथळलेलं कूलंट टाकीत परत घ्या, आणि तेलाचा गाळ अधिकृत घेणाऱ्यालाच द्या. शेडमागच्या गटारात ओतलेलं पाणी पहिल्या मोठ्या पावसात नाल्यातून शिवारात जातं, आणि बेळगावभोवतीच्या त्या शिवारात आपलाच भात उभा असतो.